कुंदाताईंची नंबरप्लेट

नवरा काका आणि बायको ताई असं जोडपं आमच्या बिल्डिंगमध्ये एकच होतं. तळमजल्यावरचे धुरी. ते सगळ्यांचे धुरीकाका आणि त्या सगळ्यांच्या कुंदाताई. आम्ही मुलुंडला राहायला आलो त्याच आठवड्यात मी त्यांना जिन्यातून 'काकू' म्हणून हाक मारली होती. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा हाक मारली तेव्हा म्हणाल्या, "इथे काकू कोणी राहत नाही. रॉंग नंबर."

त्यांची सगळी नोकरी टेलिफोन खात्यात गेली होती, तीही ऑपरेटर म्हणून, हे मला नंतर कळलं. ट्रंक कॉल बुक करायचे दिवस होते तेव्हा त्या बोर्डावर बसायच्या. कानाला हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं, आणि पलीकडे कोकणातली, घाटावरची अनोळखी माणसं. पुढे बोर्ड गेले, खात्याने त्यांना तक्रारींच्या टेबलावर बसवलं, पण बोलण्यातून बोर्ड काही गेला नाही. नळाला पाणी नसलं की त्या सेक्रेटरींना खिडकीतूनच विचारायच्या, "लाईन डेड आहे का?" मी काही सांगता सांगता अडखळले की म्हणायच्या, "बोला, पार्टी लाईनवर आहे." आणि आवाज! आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर रेडिओ लागलाय की कुंदाताई बोलताहेत हे कधी कधी पटकन कळायचं नाही.

आवाजावरून त्या उंच वाटायच्या. होत्या लहानखुऱ्या, गोल चेहऱ्याच्या, केस बारीक कापलेले. डावा पाय पोलिओने लहानपणीच गेला होता. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि काखेत कुबडी. पण कुणी हात धरायला पुढे झालं की त्या जागच्या जागी थांबायच्या आणि तो माणूस बाजूला होईपर्यंत एक पाऊल टाकायच्या नाहीत. भांडण नाही, काही नाही. नुसत्या थांबायच्या. आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना ही शिस्त त्यांनी अशी उभं राहूनच लावली होती.

धुरीकाका त्याच खात्यात केबल सेक्शनला होते. कुंदाताई त्यांना 'धुरी'च म्हणायच्या, ऑफिसात म्हणत तसंच. "माझ्या बोर्डाची एक लाईन वर्षभर सारखी बिघडायची," त्या सांगायच्या. "दर आठवड्याला हा दुरुस्त करायला यायचा. लग्नानंतर कबूल केलं, बिघडवायचा पण हाच." काका शेजारी बसून शेंगा सोलत असायचे. मान वर न करता म्हणायचे, "दर आठवड्याला नाय. पंधरा दिवसांनी."

लग्नाच्या आधीपासून कुंदाताई स्वतः स्कूटर चालवायच्या. मागे दोन जादा चाकं लावलेली. मुलुंडहून घाटकोपरच्या ऑफिसात रोज त्याच स्कूटरवर. पण आयुष्यभर कुबडीवर भार टाकून खांदे झिजले, हँडल धरवेना, आणि निवृत्तीच्या सुमारास स्कूटर विकावी लागली. त्या दिवशी त्या कुणाशी बोलल्या नाहीत म्हणे. काकांनी काय केलं, तर महिन्याभराने एक दांडगी मोटारसायकल आणून कंपाउंडात उभी केली. लांब पल्ल्याला जायची असते तसली, रुंद सीटची, मागे पाठ टेकायला गादी असलेली. काकांचं वय तेव्हा साठ. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. कुंदाताईंनी गाडीला एक फेरी मारली, सीटवर हात दाबून पाहिला आणि विचारलं, "धुरी, मी चढायचं कुठून?"

ते काकांनी आधीच ठरवलं होतं. पाण्याच्या मीटरच्या खोलीपुढे एक कमरेएवढा सिमेंटचा ओटा होता, बाजूने दोन पायऱ्या असलेला. काका गाडी ओट्याला अगदी चिकटवून उभी करायचे. कुंदाताई पायऱ्या चढून ओट्यावरून सीटवर बाजूने बसायच्या, मग सलवारीला धरून डावा पाय हाताने उचलायच्या आणि पलीकडे नेऊन ठेवायच्या. पाय घसरू नये म्हणून पायाच्या दांडीवर काकांनी एक पट्टा शिवून घेतला होता. बसल्या की त्या ओढणी खोचून ताठ व्हायच्या आणि काकांच्या डाव्या खांद्यावर एक थाप मारायच्या. एक थाप म्हणजे चल. दोन म्हणजे हळू. उजव्या खांद्यावर म्हणजे चहा. भाच्याने त्यांना हेल्मेटमधून बोलायचं यंत्र भेट दिलं होतं, ते त्यांनी डब्यातून बाहेरही काढलं नाही. "तीस वर्षं कानात बोळे घालून नोकरी केली. आता नको," असं म्हणून त्या वाटभर काकांच्या कानाशी ओरडत बोलायच्या.

वाई, दिवेआगर, जुन्नर, कुठे कुठे जाऊन आले दोघं. येताना कुंदाताई सगळ्या मजल्यांना काहीतरी आणायच्या, आणि प्रत्येक फोटोत त्या गाडीवर बसलेल्या असायच्या. खाली उतरून काढलेला एक फोटो नाही. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "अनघा, गाडीवर बसले की मला पाय किती आहेत हे कुणाला कळत नाही गं. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई माझ्याकडे बघते ना, ती जळून बघते. मला तसं बघितलेलं आवडतं."

मग कोलाडच्या अलीकडे एका हॉटेलात त्या पडल्या. बाथरूम मागच्या बाजूला, लादी ओली, कुबडी सरकली. उजवं मनगट मोडलं आणि खांदाही दुखावला. प्लास्टर निघालं, पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की घरातल्या घरात कुबडी चालेल, बाहेर मात्र चाकाची खुर्ची. काकांनी घडीची हलकी खुर्ची आणली. कुंदाताईंनी ती पलंगाखाली सरकवायला लावली.

"गाडीला खुर्ची बांधून फिरायचं म्हणजे गळ्यात पाटी घालून फिरायचं. त्यापेक्षा मी घरी बरी," त्या म्हणाल्या, आणि विषय संपला.

गाडीवर आच्छादन पडलं. बॅटरी उतरू नये म्हणून काका रविवारी सकाळी खाली येऊन पाच-दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे. तो आवाज सुरू झाला की तळमजल्यावरच्या स्वयंपाकघराची खिडकी लागायची. इंजिन बंद झालं की उघडायची. जवळजवळ वर्षभर असं चाललं होतं. काकांनी एकही रविवार चुकवला नाही. बोलून दाखवणं त्यांच्यात नव्हतंच.

हे सगळं बदललं ते शालनमुळे.

शालन म्हणजे सावंतवाडीच्या एक्स्चेंजमधली ऑपरेटर. मुंबईहून तिकडचा कॉल लावायचा तर पलीकडे शालन असायची. दोघी एकाच वयाच्या. कॉल जोडून झाला की मधल्या फावल्या वेळात दोघींच्या गप्पा. शालनचं लग्न ठरलं, मोडलं, पुन्हा ठरलं, नवरा गेला, हे सगळं कुंदाताईंनी तारेवरून ऐकलं होतं. बोर्ड गेले तरी दर रविवारी फोन चालूच. आणि इतक्या वर्षांत दोघी एकमेकींना एकदाही भेटल्या नव्हत्या. कुंदाताई फोटो पाठवायच्या ते गाडीवरचे. शालनच्या डोक्यात तिची मैत्रीण म्हणजे मोटारसायकलवरून मुलूख पालथा घालणारी बाई. पायाचं कुंदाताईंनी तिला कधी सांगितलंच नव्हतं.

मला हे कळलं ते एका रविवारी. मी त्यांचा डबा परत द्यायला खाली गेले, तर दारातूनच ओरडणं ऐकू आलं. "शालन, मी कुंदा! कुंदा गो! ऐकाक येता काय?" मग थोडं थांबून पुन्हा, "कुंदा!" मग फोन खाली ठेवल्याचा आवाज.

मी आत गेले. कुंदाताई फोनकडे बघत बसल्या होत्या.

"तिला ऐकू येत नाही आता," त्या म्हणाल्या. "गेले दोन-तीन महिने कमी येत होतं, आज काहीच नाही. यंत्र लावलंय, तरी फोनवर नुसती खरखर येते म्हणते. मला म्हणाली, कुंदा, तुझे ओठ दिसले तर कळेल, तू एकदा समोर ये. आणि ठेवला."

"मग जाऊन या ना," मी सहज म्हटलं.

तेव्हा त्यांनी मला पायाचं न सांगितल्याचं सांगितलं. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं. मग शालनने एकदा विचारलं होतं, तू नाचतेस का गं, गणपतीत? "तेव्हा मी हो म्हटलं," कुंदाताई म्हणाल्या. "चोवीस वर्षांची होते. फोनवर कोण बघतंय? पुढे सांगायचं म्हणजे आधी ते हो खोडायला लागलं असतं."

काका आत चहा करत होते. कुंदाताईंनी मान वळवली नाही, नुसता आवाज चढवला. "धुरी, ती खुर्ची गाडीला बसते का बघ."

आतून भांड्याचा आवाज थांबला. मग काका म्हणाले, "बघू."

आता यात अडचण अशी होती की खुर्ची घडी करून मागच्या कॅरियरवर उभी बांधली की तिचे पाय ठेवायचे पाट खाली लोंबायचे आणि नंबरप्लेट पूर्ण झाकली जायची. मागचा दिवाही अर्धा. पहिल्या दिवशी ते काकांच्याही लक्षात आलं नाही. बांधून बघू, जरा फिरून येऊ, म्हणून दोघं सकाळी निघाले. मी ऑफिसला जायला निघाले होते, माझी स्कूटर त्यांच्या मागेच होती. वर्षभराने कुंदाताई गाडीवर बसल्या होत्या, पण ताठ नव्हत्या. मागची खुर्ची कुणाला दिसू नये म्हणून आपण आणखी लहान व्हावं, तशा बसल्या होत्या.

भांडुपच्या पुढे सिग्नलला ट्रॅफिकवाल्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. पोरगेलासा हवालदार होता. मीही थांबले.

"काका, नंबर कुठाय?"

काका मागे वळले, बघितलं, आणि नुसते "अरे!" म्हणाले.

हवालदाराचं लक्ष खुर्चीकडे गेलं, मग कुंदाताईंच्या पायाकडे. त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. "राहू दे मावशी. जावा तुम्ही. सावकाश जावा."

काकांनी गाडी सुरू करायला हात नेला. कुंदाताईंनी त्यांच्या खांद्यावर दोन थापा मारल्या.

"का राहू दे?" त्यांनी विचारलं.

"अहो मावशी, असू दे ना..."

"नंबर दिसतोय का तुला?"

"नाही."

"नंबर झाकणं गुन्हा आहे का?"

"आहे, पण..."

"पण काय? खुर्ची दिसली म्हणून सोडतोस? मी काय रस्त्यावर कटोरा घेऊन बसलेय? चलान काढ."

काका हळूच म्हणाले, "कुंदा, पोरगा चांगला आहे." कुंदाताई म्हणाल्या, "चांगला आहे म्हणूनच सांगतेय. चलान काढ रे."

खरी पंचाईत पुढेच झाली. चलान काढायचं तर मशीनवर गाडीचा फोटो लागतो, आणि फोटोत नंबर दिसायला हवा. म्हणून खुर्ची सोडावी लागली. खुर्ची सोडली, आता तिला फुटपाथवर धरून कोण उभं राहणार, म्हणून काकांनी ती उघडून ठेवली. कुंदाताईंना उतरल्याशिवाय वळून काही दिसेना, आणि त्यांना तर सगळं बघायचं होतं. मग काकांनी गाडी फुटपाथला लावली, मी कुबडी दिली, आणि त्या उतरून खुर्चीत बसल्या. भर रस्त्यात, सकाळच्या गर्दीत, पहिल्यांदाच. हवालदार वाकून फोटो काढतोय आणि या खुर्चीतून सांगताहेत, "जरा डावीकडे घे, सावली पडतेय." चलान निघालं तेव्हा त्यांनी त्याला नाव विचारलं, गाव विचारलं आणि पर्समधली राजगिऱ्याची वडी दिली. त्यानेही ती लगेच तोंडात टाकली.

घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं, "नंबरप्लेट हलव. शालनकडे जायचं तर खुर्ची लपवून जाणार नाही आणि नंबरही लपवून जाणार नाही."

आता ती प्लेट नुसती काढून दुसरीकडे लावता येत नाही. हल्लीच्या प्लेटना एकदाच बसणारा रिव्हेट असतो, तो तोडला की प्लेटच बाद. म्हणजे प्लेट तिच्या मागच्या पत्र्यासकट, आहे तशी उचलायची आणि ते सगळं बिऱ्हाड दुसऱ्या ब्रॅकेटवर न्यायचं. काकांनी जुन्या पुठ्ठ्याचा नमुना कापला, भांडुपच्या एका ग्रिलवाल्याकडून लोखंडी पट्टी वाकवून आणली. कॅरियरच्या बोल्टमधून निघून खुर्चीच्या पाटांखालून मागे बाहेर येणारी. तिच्या टोकाला प्लेट, वर तिचा छोटा दिवा, आणि शेजारी आणखी एक लाल दिवा. केबलवाल्याचा हात तो. वायर कुठून आली, कुठे गेली, कळत नव्हतं. पट्टीला काळा रंगही दिला.

दुसऱ्या दिवशी दोघं खुर्ची बांधून बाहेर पडले आणि गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच गतिरोधकावर मागून असा काही खर्रर्र आवाज आला की भाजीवाला उठून उभा राहिला. प्लेट खाली चाकाला घासली होती. एक कोपरा दुमडला होता.

काकांनी गाडी परत आणली. ओट्याशी उकिडवे बसून बघितलं, हाताने दाबून बघितलं, पाना घेऊन नट आवळले. संध्याकाळी पुन्हा आवळले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नट आवळून हे जाणार नाही, हे माझ्यासारख्या बाईलाही कळत होतं. गाडी रिकामी उभी असते तेव्हा चाक आणि प्लेट यांच्यात चांगली जागा होती. माणसं बसली की मागचे शॉकअप दबतात आणि जागा संपते. काकांना ते पहिल्या मिनिटाला कळलं होतं. पण म्हणायचं कसं?

शेवटी कुंदाताईच खिडकीतून बोलल्या. "धुरी, दोन दिवस त्या नटांना काय छळतोयस? मी बसले की गाडी खाली जाते, असंच ना?"

काका पान्याकडे बघत राहिले. "तसं... गाडीचं स्प्रिंग जरा..."

"स्प्रिंगला नाव ठेवू नकोस. मी जाड झालेय. वर्षभर खिडकीत बसून खाल्लंय. मला बसवून मोज."

मग ते मोजमाप झालं. त्याची आठवण आली की मला अजून हसू येतं. काका पुढे हँडल धरून बसलेले, मागे कुंदाताई, त्यांच्या मागे बांधलेली खुर्ची, आणि मी चाकापाशी टेप घेऊन गुडघ्यांवर. सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या. मी आकडा सांगितला. काका म्हणाले, "असं नाही. खड्ड्यात आपटल्यावर किती दबतं ते पाहिजे. अनघा, तिला जरा उड्या मारायला सांग."

"तिला सांग म्हणजे? मी इथेच आहे," असं म्हणून कुंदाताईंनी दोन्ही हातांनी सीट धरली आणि बसल्या जागी उडायला सुरुवात केली. गाडी हलतेय, खुर्ची खडखडतेय, कॅलिपर वाजतंय. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी तोंडाला पदर लावला. कुंदाताईंनी वर पाहिलं. "काय बघताय? तिकीट लावू का?" आणि मग स्वतःच इतक्या हसायला लागल्या की उडणं थांबलं, काकाही हसायला लागले, आणि गाडी नुसत्या हसण्याने दबायला लागली. त्यातच मी माप घेतलं. "हेच धर," काका म्हणाले. "वाटेत हसणारच आहे ती."

पट्टी पुन्हा वाकवून वर घेतली, दुमडलेला कोपरा सपाट केला. तरी कुंदाताईंचं समाधान होईना. त्यांनी गाडी त्याच सिग्नलला नेली, तोच हवालदार शोधला आणि त्याला झेब्रा क्रॉसिंगच्या पलीकडे उभा केला. "वाच." त्याने मोठ्याने, एकेक आकडा सुटा करत पूर्ण नंबर वाचला. शाळेत वाचतात तसा. "आणि दिवा लागतोय?" "लागतोय, ताई." तो आता ताई म्हणायला लागला होता.

ते गेले. दोन मुक्काम करत, सावकाश. सांगितल्यापेक्षा तीन दिवस उशिरा परत आले. मी रोज खाली बघत होते. आले तेव्हा कुंदाताईंचं नाक उन्हाने सोललं होतं. संध्याकाळी त्यांनी कंपाउंडात खुर्ची काढायला लावली, माझ्यासाठी स्टूल मागवलं, आणि सगळं सांगितलं.

सावंतवाडीच्या जवळ पोचल्यावर त्यांचा धीर सुटला होता. "धुरीला म्हटलं, परत जाऊ या. त्याने ऐकलंच नाही. म्हणजे ऐकू आलं, पण ऐकलं नाही." शालनचं घर रस्त्यावरून दहा पायऱ्या खाली. ती अंगणात उभी होती, बारीक, उंच, पांढरी वेणी. काकांनी खुर्ची सोडली, उघडली, कुंदाताई तिच्यात बसल्या. शेजारपाजारचे दोन गडी कुठून तरी आले आणि त्यांनी खुर्ची उचलून खाली आणली. कुणी उचललेलं त्यांना चालत नसे. त्या दिवशी चालवून घेतलं.

"ती बघतच राहिली," कुंदाताई म्हणाल्या. "आधी माझ्या तोंडाकडे. मग पायाकडे. मग खुर्चीकडे. मला वाटलं, आता विचारेल. नाच विचारेल. मी तयारी करून गेले होते गं, काय बोलायचं ते ओठ हलवून हलवून पाठ केलं होतं. आणि ती काय म्हणाली माहितीय? 'बरां झालां खुर्ची घेवन इलंस. माज्या घरात दोनच आसत, आणि एकीचो पाय मोडलेलो आसा.'"

एवढं सांगून त्या हसल्या आणि हसता हसता ओढणीने डोळे पुसायला लागल्या.

"म्हणजे तुमच्या पायावरून म्हणाली?"

"नाही गं, खरंच होती मोडकी खुर्ची. कोपऱ्यात, विटेवर टेकवलेली. पण बोलली आणि तिच्याच लक्षात आलं. जीभ चावली तिने. मग मी हसले, मग ती हसली. नंतर माझ्या पायाशी जमिनीवर बसली आणि कॅलिपरचे पट्टे स्वतः सोडले. म्हणाली, दुखत असेल, इतक्या लांब आलीस. मी विचारलं, शालन, तुला राग नाही आला, मी सांगितलं नाही म्हणून? तिला ऐकू गेलं नाही. खाली बघत होती ना, पट्ट्यांकडे. परत विचारायचा धीर झाला नाही."

"मग?"

"मग काय? चार दिवस समोरासमोर बसून बोललो. माझे ओठ दुखायला लागले."

त्यानंतर कुंदाताई रोज संध्याकाळी खुर्ची काढून कंपाउंडात बसायला लागल्या. येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या, पार्सलवाल्यांना कुणाचं घर कुठलं ते सांगायच्या, वॉचमनला गाड्या कशा लावायच्या ते शिकवायच्या. खुर्ची ढकलायला मात्र अजूनही कुणी पुढे झालं की चाकं धरून थांबायच्या. वर्षात दोनदा सावंतवाडी ठरलेली. अधूनमधून दुसरीकडेही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत कफ झाला. आधी साधा खोकला वाटला, मग दवाखाना, मग मोठा दवाखाना. आठवडाभरात गेल्या. अशा पायाच्या माणसांची छातीही कमजोर असते, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारं त्यांचं ते बोलणं ऐकून आम्हाला कधी तसं वाटलं नव्हतं. काका थोडे दिवस राहिले आणि मग कुडाळजवळच्या गावी गेले, गाडीसकट. ओट्याजवळची जागा आता दुसऱ्या कुणाच्या स्कूटरने घेतली आहे. काका कधी फोन करतात, फार बोलत नाहीत. महिन्यातून एकदा शालनकडे जाऊन बसतात म्हणाले. ती दोघं काय बोलत असतील? एकाला बोलायची सवय नाही, दुसरीला ऐकू येत नाही. पण जातात.

मला कुंदाताई दवाखान्यातल्या आठवत नाहीत. मला आठवते त्याआधीची दिवाळीनंतरची एक सकाळ. दोघं वाईला निघाले होते. मी पोळ्यांची कणीक मळत होते आणि खालून हाक आली, "अनघाऽ, खाली ये!" काहीतरी विसरलं असेल म्हणून मी तशीच धावत गेले. कुंदाताई गाडीवर बसून तयार होत्या, हेल्मेट घातलेलं, पट्टा लोंबत होता.

"हा लावून दे गं. माझ्या मनगटाला जोर नाही, आणि धुरीचा जवळचा चष्मा बॅगेत गेलाय."

हात पिठाचे होते, पण त्या थांबायला तयार नव्हत्या. मी हनुवटीखाली हात घालून पट्टा अडकवला. पावडरीचा वास आला. पट्टा थोडा सैल वाटला म्हणून मी विचारलं, "अजून घट्ट करू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "वाटेत बोलायचंय मला."

माझ्या बोटांचं पीठ त्यांच्या हनुवटीला लागलं होतं. पुसायला मी पदर पुढे केला, तोवर गाडी निघाली होती.